अस्थिजननातील जीन-नियामक प्रथिने

अस्थी (हाड) निर्माण करणाऱ्या कोशिकांच्या केंद्रकात विशिष्ट जीनांचे (आनुवंशिक लक्षणे निश्चित करणाऱ्या एककांचे) कार्य सुरू वा बंद करणारी प्रथिने. ही प्रथिने डीएनएच्या ठराविक भागांना चिकटतात व कोणत्या जीनाने केव्हा कार्य करावयाचे ते ठरवितात. एकाच प्रकारच्या मूळ कोशिकेपासून अस्थी, उपास्थी (कूर्चा) किंवा चरबी यांच्या कोशिका होऊ शकतात. त्यांपैकी कोणती व्हावी, हे मुख्यत्वे या प्रथिनांवर अवलंबून असते.

इतिहास : गर्भात अस्थी दोन रीतींनी बनते, हे रॉबर्ट नेस्बिट यांनी १७३६ मध्ये मांडले. कवटीची चपटी हाडे पटलात प्रत्यक्ष तयार होतात, तर हातापायांची लांब हाडे आधी उपास्थीच्या रूपात असतात. १८८९ मध्ये निकोलस सेन या शल्यविशारदांनी अम्लाने खनिज काढून टाकलेली अस्थी रुग्णांच्या हाडांतील पोकळ्यांत भरली. पोकळ्या नव्या अस्थीने भरून आल्या. यामागचे कारण मात्र पाऊण शतक अज्ञात राहिले.

लॉस अँजेल्स येथील मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये खनिजविरहित अस्थी प्राण्यांच्या स्नायूंत बसविली, तेव्हा जेथे हाडाचा मागमूस नव्हता तेथे नवे हाड तयार झाले. अस्थीत कोशिकांना आज्ञा देणारा पदार्थ असतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला व १९७१ मध्ये त्याला ‘अस्थि-आकारजनक प्रथिन’ हे नाव दिले. भारतात जन्मलेले ए. हरी रेड्डी यांनी चार्ल्स हगिन्स यांच्यासमवेत १९७२ मध्ये या क्रियेतील क्रम दाखविला : प्रथम उपास्थी, नंतर अस्थी व शेवटी मज्जा. संपत व रेड्डी यांनी १९८१ मध्ये अस्थीतील विद्राव्य प्रथिने वेगळी केली. उरलेल्या सांगाड्याची अस्थिजनक शक्ती नष्ट झाली आणि प्रथिने पुन्हा मिसळताच ती परत आली. १९८८ मध्ये जॉन वॉझनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रथिनांचे जीन वेगळे केले.

अशा रीतीने बाहेरून येणारा संदेश सापडला. तो कोशिकेच्या आत अंमलात आणणारा घटक १९९७ मध्ये उघड झाला. ओसाका येथील तोशिहिसा कोमोरी, ह्यूस्टन येथील जेरार्ड कार्सेंटी यांचा गट, तसेच लंडन व बॉस्टन येथील गट यांचे चार निबंध त्या वर्षी एकाच वेळी प्रसिद्ध झाले. नंतर ‘रन्क्स-२’ या नावाने रूढ झालेले प्रथिन ज्या उंदरांत नव्हते, त्यांचा सांगाडा उपास्थीचाच राहिला. त्यात अस्थी मुळीच बनली नाही व पिले जन्मताच श्वासोच्छ्वासाअभावी मेली. २००२ मध्ये ‘ऑस्टेरिक्स’ या प्रथिनाचा शोध लागला. ते नसल्यास रन्क्स-२ असूनही अस्थी बनत नाही; म्हणजे त्याचे कार्य रन्क्स-२ च्या पुढच्या पायरीवर आहे. उपास्थीसाठी ‘सॉक्स-९’ हे प्रथिन आवश्यक असल्याचे १९९९ मध्ये सिद्ध झाले. अस्थि-आकारजनक प्रथिन कोशिकेच्या पृष्ठावरील ग्राहीला जोडले गेले की, ‘स्मॅड’ प्रथिने तो संदेश केंद्रकात नेतात व तेथे रन्क्स-२ च्या साहाय्याने जीन कार्यान्वित करतात.

विकार : रन्क्स-२ च्या जीनाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी झाली, तरी जत्रु-कर्पर दुर्विकास हा आनुवंशिक विकार होतो. त्यात गळपट्टीची हाडे अपुरी असतात किंवा नसतात, टाळू उशिरा भरते व जादा दात येतात. उलट, अस्थि-आकारजनक प्रथिनाच्या एका ग्राहीत बदल झाल्यास स्नायू व कंडरा यांचे हळूहळू हाडात रूपांतर होते. या दुर्मिळ रोगाचा जीन २००६ मध्ये सापडला. आज्ञा न मिळणे जितके घातक, तितकीच ती अवेळी व अस्थानी मिळणेही घातक, असे यावरून दिसते.

महाराष्ट्रातील उपयोग : मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ मध्ये ऊतकपेढी स्थापन झाली. दात्यांकडून मिळालेली अस्थी व गर्भवेष्टन तेथे रोपणयोग्य करतात. निर्जंतुकीकरणासाठी गॅमा किरण वापरतात. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परिसरात वैद्यकीय साहित्यासाठी असे किरण वापरणारे ‘आयसोमेड’ हे संयंत्र १९७४ मध्ये सुरू झाले. हा परिसर ठाणे खाडीच्या पश्चिमेकडील तुर्भे (ट्रॉम्बे) येथे आहे. खाडीपलीकडील नवी मुंबईतील तुर्भे हे निराळे ठिकाण होय. अशा पेढ्यांत तयार होणारी खनिजविरहित अस्थी ही मूलतः युरिस्ट यांच्या प्रयोगातीलच वस्तू आहे. किरणांची मात्रा बेताची ठेवावी लागते, कारण ती वाढल्यास अस्थीची बळकटी कमी होते व संदेशवाहक प्रथिनांनाही इजा पोहोचते. ट्यूमर काढल्यावर राहिलेली पोकळी केवळ बुजविणे आणि तेथे रुग्णाच्या स्वतःच्या कोशिकांकडून अस्थी घडवून घेणे, यांतील फरक या प्रथिनांवर अवलंबून आहे.

कृत्रिम रीत्या बनविलेल्या अस्थि-आकारजनक प्रथिनास कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली. परंतु मानेच्या भागात वापरल्यास घातक सूज येत असल्याचा इशारा २००८ मध्ये देण्यात आला. म्हणून संदेशाची मात्रा, स्थान व कालावधी यांवर नियंत्रण मिळविणे, हाच या क्षेत्रातील संशोधनाचा मुख्य प्रश्न ठरला आहे.