पडद्यावरचें पुस्तक

अधू दृष्टीला आम्ही शिक्षकांनीं फार काळ अंधत्वच मानलें. सॅम्युएल जेनेन्स्की या अमेरिकन गणितज्ञाला तें मान्य नव्हतें. विद्यार्थिदशेंत तो दुर्बिणीनें फळा वाची. पण जवळच्या पानाला दुर्बीण निरुपयोगी. भिंग धरावें, तर खालीं लेखणीला जागा उरत नाहीं. सांता मोनिका येथील रँड संस्थेंत त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं टेलिव्हिजनचा कॅमेराच पुस्तकावर रोखला. १९६८ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पडद्यावर अक्षर कित्येक पट मोठें दिसे. काळ्यावर पांढरीं अक्षरें केलीं, कीं चकाकीहि कमी होते. पण खरी सोय निराळीच! हात कॅमेऱ्याखालीं, नजर पडद्यावर. लिहितां लिहितां स्वतःचें अक्षर दिसावें. माझ्या वर्गांतला एक मुलगा उठून फळ्याशीं येऊन वाची. शिस्तीसाठीं मी त्याला मागच्या बाकावर बसवीत असें.