जुन्या ट्रॅक्टरची ताकद वाढवताना नेमकं काय बदलतं?

घरातला पहिला ट्रॅक्टर सहसा कुणी भंगारात घालत नाही. नवीन आला तरी जुना मॅसी, एचएमटी किंवा महिंद्राचा बी-२७५ शेडमध्ये उभा राहतो. पुढे कधीतरी त्याला रंग दिला जातो, हेड उघडलं जातं, आणि मग मेकॅनिक म्हणतो, "याला जरा दम भरूया का?" पंपातून डिझेल वाढवणं, टर्बो बसवणं, गव्हर्नर मोकळा करणं हे त्याचे नेहमीचे तीन उपाय. तिन्ही करता येतात आणि टर्बो सोडला तर खर्चही फार नसतो. पण त्यातून हाती काय लागतं, हे आधी समजून घेतलेलं बरं.

जुने म्हणजे कोणते?

भारतात ट्रॅक्टर बनवण्याची सुरुवात १९५९ साली फरिदाबादला आयशरने केली. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर या कंपनीशी भागीदारी केली आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ तयार होऊ लागला. हरियाणात पिंजोरला एचएमटीने १९७१ पासून झेटर या चेक बनावटीवर आधारलेले ट्रॅक्टर काढले. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, तरी ५९११ या मॉडेलची पंजाबातली क्रेझ ओसरली नाही. गायक सिद्धू मूसेवालाची अंत्ययात्रा मे २०२२ मध्ये त्याच्या लाडक्या ५९११ वरूनच निघाली होती.

ताकद वेगळी, ओढ वेगळी

ट्रॅक्टर किती ओढणार हे फक्त इंजिनावर ठरत नाही. मागच्या चाकांवर किती वजन आहे आणि टायर जमिनीला किती धरतो, यावर ते ठरतं. साधा हिशोब करून बघू. ट्रॅक्टरचं वजन १८०० किलो आहे, त्यातलं १२०० किलो मागच्या चाकांवर आहे. कोरड्या, घट्ट रानात ओढ त्या वजनाच्या साधारण निम्मी, म्हणजे ६०० किलो मिळते. ताशी ५ किलोमीटर वेगाने ६०० किलोची ओढ द्यायला लागते जेमतेम ११ अश्वशक्ती. नांगराचा भार मागच्या चाकांवर येऊन ओढ वाढली, चाक घसरण्यातला तोटाही धरला, तरी ३५ अश्वशक्तीच्या इंजिनाची सगळी ताकद नांगरटीत वापरली जात नाही. मग तेच इंजिन ४५ चं केलं तर? चाक जास्त जोरात जागेवर फिरेल, टायर झिजेल आणि डिझेल जाईल.

जास्तीची ताकद कामाला येते ती रोटाव्हेटरला किंवा रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ट्रॉली ओढताना. नांगरटीसाठी मात्र वजन आणि पकड वाढवणं स्वस्त पडतं. मागच्या एका टायरमध्ये तीन चतुर्थांश पाणी भरलं की आकारानुसार दीडशे ते दोनशे किलो वजन वाढतं. चाकाला लोखंडी वजनं लावता येतात. चांगल्या गोट्यांचा टायर तर पहिलं काम. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते फर्ग्युसनचे तीन साधे शेती ट्रॅक्टर घेऊन. त्यांच्यातला ठळक बदल म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून चाकांवर चढवलेले पट्टे!

पंप, टर्बो आणि गव्हर्नर

डिझेल इंजिन हवा प्रत्येक वेळी पूर्ण घेतं, ताकद ठरते ती डिझेलच्या मात्रेवर. ही कमाल मात्रा कारखान्यात पंपावर ठरवून सील केलेली असते. सील तोडून स्क्रू फिरवला की सुरुवातीला फरक जाणवतो. मग धूर काळा होऊ लागतो. तो काळा धूर म्हणजे ताकद नव्हे, हवा न मिळाल्याने अर्धवट जळलेलं डिझेल आहे. आतलं तापमान वाढतं आणि पिस्टनचा माथा, व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट यांच्यावर संकट येतं. काळ्या धुराचं आपल्याकडे जे कौतुक होतं, ते खरं तर मेकॅनिकच्या पुढच्या बिलाचं कौतुक आहे.

टर्बो ही उणीव भरून काढतो, कारण तो हवाच जास्त ढकलतो. पण कंपनीतून टर्बोसह येणाऱ्या इंजिनात सहसा पिस्टन दणकट असतात आणि त्यांना खालून ऑइलचा फवारा मिळतो. जुन्या इंजिनात ही सोय बहुधा नसते. शिवाय टर्बोचं बेअरिंग इंजिन ऑइलवर जगतं, त्यामुळे जोराच्या कामानंतर दोन-तीन मिनिटं स्लो चालवूनच इंजिन बंद करावं लागतं. एवढं सांभाळलं तरी वाढलेला जोर पुढे जातो तो जुन्या क्लच प्लेटवर, गिअरबॉक्सवर आणि क्राउन-पिनियनवर.

गव्हर्नरशी खेळ तर नकोच. फेरे २००० वरून २६०० केले की कनेक्टिंग रॉडवरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जवळपास १.७ पट. रॉड तुटला तर ब्लॉक फोडूनच बाहेर येतो.

पुढचं तोंड उचलतं तेव्हा

साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाकं अधांतरी झालेली अनेकांनी पाहिली असतील. लोक हसतात, व्हिडिओ काढतात. पण पुढचं चाक उचललं की स्टिअरिंग निकामी होतं. मागची चाकं अडली आणि जोर कायम राहिला, तर सगळा ट्रॅक्टर मागच्या ॲक्सलभोवती फिरून चालकाच्या अंगावर येतो. याला दीड सेकंदही पुरतो, त्यामुळे उडी मारायला वेळ मिळत नाही. ओढीचं टोक ॲक्सलच्या वर बांधलं असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. म्हणून साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच, टॉप लिंकच्या जागी कधीच नाही.

हा प्रश्न जुना आहे. हेन्री फोर्डचा फोर्डसन मागे उलटण्यासाठी बदनाम होता. हॅरी फर्ग्युसनने थ्री-पॉइंट लिंकेज बसवलं तेव्हा नांगर अडला तरी ट्रॅक्टर उलटू नये, हाही त्याचा एक फायदा होता. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरवर उलटल्यास चालकाला वाचवणारी चौकट सक्तीची केली. आपल्या जुन्या ट्रॅक्टरवर ती नसते, आणि ताकद वाढवणारे ती बसवायचा विचारही क्वचितच करतात.

अमेरिकेत ट्रॅक्टर पुलिंग हा रीतसर खेळ आहे. ३०० फूट घसरगाडा ओढायचा, आणि ट्रॅक्टर पुढे जाईल तसं गाड्यावरचं वजन पुढे सरकून भार वाढत जातो. तिथे वाढीव ताकदीच्या ट्रॅक्टरला मागे उलटू न देणारे दांडे लागतात, आणि गाडा सुटला तर इंजिन आपोआप बंद करणारी दोरीही. पंजाबात दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ बांधून ओढाओढ चालते, शिवाय स्टंट होतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुरदासपूर जिल्ह्यात स्टंट करताना एक तरुण स्वतःच्याच ट्रॅक्टरखाली सापडून मरण पावला, आणि राज्य सरकारने अशा स्टंटवर बंदी घातली.

ताकद वाढवण्याआधी ब्रेकही बघा. जुन्या ट्रॅक्टरला ते फक्त मागच्या चाकांना असतात आणि अनेक ट्रॉल्यांना अजिबातच नसतात.

कागदपत्रांचं काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरची, म्हणजे कंपनीने दिलेली माहिती जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. तसं केल्यास प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिनच बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्या. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि तेव्हा इंजिन व चासी नंबर तपासले जातात. जुना ट्रॅक्टर विकत घेत असाल तर रंगरंगोटीला भुलण्याआधी हे दोन नंबर स्वतः घासून वाचा आणि आरसीशी ताडून बघा.