तान्हुल्याची मान आणि सव्वा महिना

लेकरू ‘मान धरायला’ लागलं, की घरात केवढा आनंद होतो! तीन-चार महिन्यांचं बाळ डोकं सावरू लागलं, म्हणजे आजी निर्धास्तपणे त्याला कडेवर घेते. पण काही लेकरांची मान पहिल्या महिन्यापासूनच एका बाजूला कललेली दिसते. उजवा कान उजव्या खांद्याकडे झुकलेला आणि हनुवटी डावीकडे वळलेली, किंवा याच्या अगदी उलट. वैद्यकशास्त्रात याला टॉर्टिकोलिस म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पिळलेली मान’ एवढाच आहे. आपल्याकडे मात्र कुणी म्हणतं, नजर लागली. कुणी म्हणतं, आईनं ग्रहण पाळलं नाही. बोल लागतो तो आईला. म्हणून या मानेचा इतिहास थोडा समजून घेऊ या.

हे दुखणं फार जुनं आहे. सिकंदराची मान डावीकडे किंचित कललेली असे, असं प्लुटार्कनं लिहून ठेवलं आहे. त्याच्या मागून आलेले सरदार आणि सोबती तशीच मान कलती ठेवण्याची नक्कल करत. बादशहाची तिरपी मान रुबाबाची खूण ठरली आणि गरिबाच्या लेकराची तीच मान व्यंग ठरली! आपल्या सुश्रुतसंहितेतही वातव्याधींमध्ये ‘मन्यास्तंभ’ येतो. पण तो मान आखडण्याचा विकार. तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी आहे.

कानामागच्या हाडापासून छातीच्या आणि गळ्याच्या हाडापर्यंत मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब स्नायू असतो. त्यातला एक आखूड आणि ताठ राहिला, की डोकं त्या बाजूला ओढलं जातं. युरोपातल्या शल्यवैद्यांनी यावर आधी सुरीचा उपाय शोधला. अ‍ॅमस्टरडॅमच्या निकोलस टुल्प या डॉक्टरानं १६४१ साली छापलेल्या ग्रंथात बारा वर्षांच्या एका मुलाच्या मानेवरील शस्त्रक्रियेची हकिकत दिली आहे. रेम्ब्रांटच्या १६३२ सालच्या प्रसिद्ध चित्रात शवविच्छेदन समजावून सांगणारा डॉक्टर तो हाच. पुढे १८२२ मध्ये पॅरिसच्या द्युपुइत्रां यांनी कातडी फारशी न उघडता, लहानशा छिद्रातून आतला ताठ भाग कापला. गुंगी देणारा ईथर १८४६ मध्ये आला आणि लिस्टरची जंतुनाशक पद्धत १८६७ मध्ये. त्याआधीच्या काळात जखम जितकी लहान, तितकी जगण्याची आशा मोठी होती.

या सगळ्या शस्त्रक्रिया मोठ्या मुलांच्या होत्या. तोवर चेहऱ्याची एक बाजू लहान राहिलेली असे, डोक्याचा आकार बिघडलेला असे. वेळ निघून गेल्यावर सुरी हाती घ्यावी लागत होती, हा या इतिहासाचा धडा आहे.

मग हे होतं कशानं? बाळंतपणात ओढाताण होऊन स्नायू दुखावतो, असं पुष्कळ काळ मानलं गेलं आणि सुईणीकडे बोट दाखवलं गेलं. पण पोट चिरून जन्मलेल्या बाळांमध्येही हा दोष आढळतो. गर्भाशयात जागा अपुरी पडून मान एकाच बाजूला दबून राहणं, हेही कारण आता मानलं जातं. पायाळू बाळांत तो अधिक दिसतो. ग्रहणाचा इथं काहीएक संबंध नाही आणि आईचा दोषही नाही.

विसाव्या शतकात उपचार सुरीकडून हाताकडे आला. आपल्या देशातलं भौतिकोपचाराचं पहिलं विद्यालय १९५०च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झालं. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी २००१ साली ८२१ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाच्या आत आणलेल्या या बाळांना हातानं हलके ताण देण्याचे व्यायाम दिले होते. शंभरातल्या दहांनाही शस्त्रक्रिया लागली नाही.

आणखी एक वळण १९९२ सालचं. बाळाला पाठीवर किंवा कुशीवर झोपवा, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं आणि झोपेतले अकस्मात मृत्यू तिथं निम्म्याहून कमी झाले. पण डोकं मागून चपटं होण्याचं प्रमाण वाढलं. मान एकीकडेच वळत असेल, तर हे लवकर होतं. म्हणून झोप पाठीवर आणि जागेपणी, कुणी जवळ असताना, थोडा वेळ पोटावर, असा सल्ला आता दिला जातो. डोकं गोल व्हावं म्हणून आपण मोहरीची उशी देतो. तान्ह्या बाळाला उशी नकोच.

आता आपल्या गावाकडे येऊ. इंझोरी हे वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं गाव. वाशीम १९९८ साली अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला आणि वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं. मोठा दवाखाना इतक्या उशिरा जवळ आला. पण या दुखण्याची पहिली पारख दवाखान्यात होतच नाही, ती न्हाणीघरात होते. मानेच्या स्नायूतली टणक गाठ बहुधा जन्मानंतर दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात हाताला लागते. नेमका हाच काळ आपल्या बाळंतिणीचा. कुणाकडे सव्वा महिना, कुणाकडे चाळीस दिवस. तेल-मालिश रोज असते. आशाताईच्या घरभेटीही चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी असतात. मालिश करणाऱ्या बाईला गाठ लागली, तर तिनं ती चोळू नये, मान ओढू नये, आशाताईला सांगावं. आशाताईनं बाळाला डॉक्टरांकडे पाठवावं.

डॉक्टर मानेसोबत बाळाचे खुबेही तपासतात, कारण या बाळांत खुब्याचा सांधा कधी कधी सैल असतो. मणक्यात किंवा डोळ्यांत दोष असला, तरी मान कलते; म्हणून तपासणीआधी व्यायाम नको. मग भौतिकोपचारतज्ज्ञ आईला व्यायाम शिकवतात. घरी करायच्या गोष्टी सोप्या आहेत. बाळ ज्या बाजूला वळत नाही, तिकडून बोलावं, खुळखुळा वाजवावा, दूध पाजताना तिकडे वळवावं. पाळण्यात उशा-पायथा बदलत राहावं. गाठ सहसा काही महिन्यांत आपोआप विरते. महिनोन्महिने नेमानं व्यायाम करूनही मान वळली नाही, तरच शस्त्रक्रियेचा विचार करतात. मोठ्या मुलाची मान एकाएकी वाकडी झाली, ताप आला किंवा हातपाय लुळे वाटले, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

अंगणवाडीत तपासणीला येणारी पथकं २०१३ पासून मुलं पाहतात. पण ती येईतो थांबू नका. बाळंतिणीच्या खोलीत जाल, तेव्हा नाक कुणासारखं आणि रंग कुणाचा, हे बघून झालं, की बाळाची मान दोन्हीकडे सारखी वळते का, तेवढंही बघा.