ओसरीवरची शाळा आणि गावची शाळा

शैक्षणिक समतेचा इतिहास लिहिताना आपले लक्ष प्रथम कायद्यांकडे, ठरावांकडे आणि थोर पुरुषांच्या चरित्रांकडे जाते. त्यांचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु गोमंतकाच्या उत्तर सीमेवरील पेडणे व डिचोली ह्या दोन महालांचा शैक्षणिक इतिहास पाहू लागले म्हणजे एक अगदी साधा प्रश्न पुढे येतो. शाळा भरत होती ती कोणाच्या छपराखाली? ह्या प्रश्नाचे उत्तर बदलले तेव्हाच ह्या भागात समतेचा आरंभ झाला, असे म्हणावे लागते.

पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे मुलूख अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत पोर्तुगीजांच्या हाती गेले. ‘नव्या काबिजादी’ ह्या नावाने ते ओळखले जातात. तिसवाडी, बारदेश व साष्टी ह्या जुन्या काबिजादींवर १६८४ मध्ये विजरईने देशी भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला होता. येथे मात्र राज्यकर्ते आले तेव्हा त्यांच्या धर्मसक्तीचा जोर ओसरलेला होता. त्यामुळे देवळे राहिली, कीर्तन-पुराण राहिले, आणि पोथी व हिशेब ह्यांची भाषा म्हणून मराठीही राहिली. हा वारसा मुलांच्या हाती देण्याचे काम ज्याने केले तो शिक्षक गोमंतकात ‘शेणवीमाम’ म्हणून ओळखला जाई. एखाद्या सधन घराची ओसरी किंवा देवळाची अग्रशाळा हीच त्याची शाळा. परकीय सत्तेत सरकारी आश्रय नसताना मराठी अक्षर जिवंत ठेवण्याचे श्रेय ह्या अल्पवेतनी माणसाला निःसंशय दिले पाहिजे.

पण कृतज्ञतेने दृष्टी झाकली जाऊ नये. ओसरी घरमालकाची होती आणि अग्रशाळा महाजनांची होती. ज्याला ओसरी चढण्याची मुभा नव्हती, त्याला अक्षरांचीही मुभा नव्हती. भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्या मुंडकाराने आपला मुलगा त्याच भाटकाराच्या ओसरीवर कोणत्या हक्काने पाठवावा? देवळाच्या पायरीपाशी थांबावे लागणाऱ्या महार-चांभारांच्या मुलाने अग्रशाळेत कसे शिरावे? मुलींची तर गणनाच नव्हती. एखादा शेणवीमाम मनाने कितीही उदार असला, तरी यजमानाच्या घरात यजमानाचा रिवाज मोडणे त्याला शक्य नव्हते. दोष व्यक्तीचा नव्हे, तर व्यवस्थेचा होता.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. तेरेखोल नदीच्या पलीकडे सावंतवाडी संस्थान आणि त्यापुढे मुंबई इलाख्यातील रत्नागिरी जिल्हा. इलाख्यात सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या शाळा होत्या, म्हणूनच त्यांत कोणी कोठे बसावे हा वाद उभा राहू शकला. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला आणि शिक्षकही शेतकरी वर्गातून घ्यावेत अशी मागणी केली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले ह्यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेल्या ठरावाने पाणवठ्यांबरोबरच सरकारी शाळांचीही दारे अस्पृश्यांना उघडी करण्यास सांगितले. अलीकडे स्थिती नेमकी उलटी होती. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, धर्मावरून होणारा भेद कायद्याने संपला आणि हिंदूंना नागरिक म्हणून बरोबरीचे स्थान मिळाले. तिकडे शाळा होत्या, पण समता नव्हती. इकडे कागदावर समता होती, पण ती जेथे उतरावी अशी मराठी शाळाच सार्वजनिक नव्हती. पोर्तुगीज भाषेचा ‘प्रिमेरू ग्राव’ आणि ‘सेगुंद ग्राव’ हा मार्ग होता खरा. परंतु कष्टकऱ्याच्या घरात त्या भाषेचा शब्दही ऐकू येत नसे.

ही उणीव भरून काढण्याचा यत्न समाजानेच आरंभिला. पणजीत १९०८ साली मुष्टिफंड संस्था उभी राहिली. तिच्या नावातच तिचा इतिहास आहे: घराघरांतून मूठ मूठ तांदूळ गोळा करून शाळा चालवावयाची. ज्या शाळेत अनेकांची मूठ आहे ती एका यजमानाची राहत नाही. दुसरीकडे, देवळांच्या सेवेशी बांधल्या गेलेल्या कलावंत वर्गातून राजाराम पैंगीणकरांसारखे सुधारक पुढे आले आणि गोमंतक मराठा समाजाच्या चळवळीने शिक्षण हेच मुक्तीचे साधन मानले. पैंगीणकरांच्या आत्मचरित्राचे नाव ‘मी कोण?’ असे आहे. बापाचे नाव विचारून मुलाला खाली मान घालावयास लावणाऱ्या समाजात हा प्रश्न किती दाहक होता, हे शिक्षकाला सांगावयास नको.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोमंतक मुक्त झाला तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकच साक्षर होते. डिसेंबर १९६३ मध्ये पहिले लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले आणि मुख्यमंत्री झाले ते पेडण्यात जन्मलेले, ह्याच गोमंतक मराठा समाजातले दयानंद बांदोडकर. त्यांच्या काळात खेडोपाडी सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. ह्या घटनेचे वर्णन सामान्यतः शिक्षणप्रसार असे केले जाते, पण ते अपुरे आहे. शाळा ओसरीवरून उठून गावची झाली, हा त्यातील खरा पालट होय. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा ह्यांच्याशेजारी ठेवूनच तो समजून घेतला पाहिजे. राहत्या घरातून कोणी हुसकावून लावील ही भीती कमी झाल्यावाचून शाळेचा हक्क निर्भयपणे बजावता येत नाही.

तरीही इमारत म्हणजे समता नव्हे. ह्या शाळांत आलेल्या शिक्षकांत सीमेपलीकडून आलेले होते, तसेच पुढे बहुजन घरांतून शिकून तयार झालेलेही होते. फुल्यांची मागणी येथे आठ दशकांनी रूप घेत होती. एकाच पटावरून सर्वांची हजेरी घेणे, सर्वांना एका पंक्तीस बसविणे, पाण्याचे भांडे एकच ठेवणे, शेताच्या कामाला निघालेल्या मुलीला घरी जाऊन परत आणणे, ही कामे आज क्षुल्लक वाटतील. पण जुन्या रिवाजाच्या गावात सरकारी आदेशाचे आचरणात रूपांतर व्हावयाचे ते ह्याच कृतींतून.

ह्या इतिहासाचा शेवट अजून झालेला नाही. १९६८ च्या आदेशाने गोव्यातील अनुसूचित जाती निश्चित झाल्या, २००३ मध्ये गावडा, कुणबी व वेळीप ह्यांना अनुसूचित जमातींचे स्थान मिळाले, आणि पेडणे हा आज विधानसभेचा राखीव मतदारसंघ आहे. परंतु शाळेचे दार नव्या रीतीने अरुंद होऊ लागले आहे. १९९० साली बांदोडकरांच्या कन्या आणि तेव्हाच्या शिक्षणमंत्री शशिकला काकोडकर ह्यांनी प्रादेशिक भाषांतील प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आणले. २०११ मध्ये इंग्रजी शाळांनाही अनुदानाचा मार्ग मोकळा झाला. ज्यांना शक्य होते त्यांनी मुले तिकडे नेली. सरकारी मराठी शाळांचा पट घसरला, कित्येक बंद झाल्या. ज्या उरल्या त्यांच्या वर्गांत आज मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांची, घरी कन्नड किंवा हिंदी बोलणारी मुले स्थानिक गरिबांच्या मुलांशेजारी बसतात. गावची शाळा केवळ गरिबांची शाळा झाली, तर ओसरीच नव्या नावाने परत आली असे होईल. फरक इतकाच की, आता ती जातीऐवजी ऐपत पाहील.

म्हणून अध्यापकांनी आणि अकादमीच्या सभासदांनी एक काम अविलंब हाती घ्यावे. ह्या दोन तालुक्यांतील जुन्या शाळांची दप्तरे, विशेषतः प्रवेशाची नोंदबुके, शाळा बंद पडण्यापूर्वी जतन करावीत. कोणत्या वाड्यावरचे पहिले मूल कोणत्या वर्षी पटावर आले, पहिली मुलगी कोणती, आणि ती कोणत्या इयत्तेत शाळा सोडून गेली, हे त्या पानांवरून वाचता येईल. समतेचा इतका प्रामाणिक इतिहास दुसऱ्या कोणत्याही कागदावर लिहिलेला नाही. आणि तो वाचणाऱ्या शिक्षकाला आपल्या आजच्या पटावर कोणाचे नाव अद्याप आलेले नाही, हेही त्याच वेळी कळेल.