दगडात बांधलेला भरवसा

आज बोलूया बँकेच्या इमारतीबद्दल. हो, इमारतीबद्दलच. मुंबईत फोर्टमध्ये गेलात तर महात्मा गांधी रोडवर चार्टर्ड बँकेची (आजची स्टँडर्ड चार्टर्ड) जुनी दगडी इमारत दोन मिनिटं थांबून बघा. विसावं शतक उजाडत होतं तेव्हाची. 1901 ते 1910 इंग्लंडच्या गादीवर सातवा एडवर्ड होता, म्हणून त्या सुमाराच्या बांधकामाला एडवर्डियन म्हणतात.

लंडन घ्या, कलकत्ता घ्या, त्या काळच्या बड्या बँकांची युक्ती साधारण एकच. तळमजल्याला खोल सांध्यांचे मोठाले दगड, किल्ल्याच्या तटासारखे. त्यावर दोन-दोन मजले उंच खांब, रोमन देवळाची आठवण करून देणारे. आत उंच छताचं दालन, लांबलचक लाकडी काउंटर, पितळी जाळी. आत शिरलेला माणूस आपोआप हळू आवाजात बोलायला लागतो!

एवढा थाट कशाला? कारण बँक बुडाली तर ठेव परत द्यायला मागे कोणीच उभं नव्हतं. आपल्याकडे ठेवींचा विमा सुरू झाला 1 जानेवारी 1962 ला, तोही 1500 रुपयांपुरता. आज मर्यादा 5 लाख आहे. त्याआधी खातेदाराने विश्वास ठेवायचा कशावर? भिंतींवर. म्हणजे ती इमारत एक दगडी जाहिरातच होती म्हणा ना.

आणि जाहिरात खरी असतेच असं नाही. 1906 मध्ये मद्रासची नावाजलेली अर्बथनॉट पेढी कोसळली आणि तिचा मालक सर जॉर्ज अर्बथनॉट तुरुंगात गेला. 1913 मध्ये मुंबईची इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात बुडाली. दोन्ही वेळा सामान्य ठेवीदार रडले.

आता आपल्या शहराकडे या. तेव्हाचं औरंगाबाद निजामाच्या राज्यात, आणि निजामाचं नाणंच वेगळं: हाली सिक्का. इंग्रजी रुपयाला आपली माणसं कलदार म्हणत. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. मनमाडला उतरलं की इंग्रजी मुलूख, तिथे हाली चालायचा नाही. 1918 पासून निजामाने स्वतःच्या कागदी नोटाही काढल्या.

व्यापाऱ्यांचा पैसा फिरायचा हुंडीवर. दर्शनी हुंडी दाखवली की लगेच पैसे, मुदती असेल तर ठरल्या दिवशी. सावकाराच्या पेढीला खांब लागत नाहीत. गादी, वही, तिजोरी आणि दोन-तीन पिढ्यांचं नाव एवढं पुरे. मला विचाराल तर हाही दिखावाच, फक्त दगडाऐवजी नावाचा. नाव गेलं की हुंडी कोणी घेत नसे.

निजामाच्या राज्याची स्वतःची बँक, हैदराबाद स्टेट बँक, कायद्याने स्थापन झाली 1941 मध्ये आणि तिचं काम सुरू झालं 1942 ला. एडवर्ड जाऊन तोवर 32 वर्षं उलटली होती. 1956 ला ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि 1 एप्रिल 2017 ला स्टेट बँक ऑफ इंडियात मिसळली. मराठवाड्यात अजून कित्येक जण तिला एसबीएचच म्हणतात.

घरी आजी-आजोबा असतील तर आज त्यांना हाली आणि कलदार हे दोन शब्द विचारा. काय सांगतात ते रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा, पुढच्या भागात ऐकवू.