गेटवरची अक्षरे

ग्राफिक डिझाइनच्या इतिहासात १९०७ या सालाला मोठा मान आहे. त्या वर्षी ‘एईजी’ या जर्मन वीज-कंपनीने पीटर बेरेन्स या चित्रकाराला कलाविषयक सल्लागार नेमले, आणि बोधचिन्हापासून किटलीपर्यंत, दरपत्रकापासून १९०९ च्या टर्बाइन कारखान्याच्या इमारतीपर्यंत सारे एका हाताखाली आले. कारखान्याला चेहरा असतो ही कल्पना तिथून रुजली, असे मानतात. दापोडी ते निगडी आणि पुढे चाकणपर्यंतच्या पट्ट्यात मात्र हा चेहरा कुणा एका कलावंताने घडवला नाही. तो करारांनी घडवला. तंत्रज्ञान कोणाचे, किती वर्षांसाठी, या प्रश्नांची उत्तरे इथल्या गाड्यांच्या नाकावर वाचता येतात. म्हणून इथल्या बोधचिन्हांकडे सौंदर्याच्या अंगाने पाहण्याआधी दस्तऐवज म्हणून पाहावे, असे आम्हाला वाटते.

टेल्कोचे उदाहरण घ्या. डाइमलर-बेंझशी टेल्कोचा करार १९५४ साली झाला आणि १९६९ साली संपला. जमशेदपूरहून निघणाऱ्या ट्रकवर तोवर तीन टोकांचा तारा असे. करार सरला, तारा उतरला आणि त्या जागी टाटांचा ‘टी’ आला. पिंपरीचा कारखाना १९६६ पासून उभा राहत होता. तिथून ट्रक बाहेर पडू लागले तेव्हा ताऱ्याचा काळ संपलेला होता. पण गोष्ट इथे संपत नाही. उदारीकरणानंतर, १९९४ साली मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी टेल्कोच्या भागीदारीत स्थापन झाली आणि तिच्या मोटारी टेल्कोच्याच पुण्यातल्या आवारात जुळवल्या जाऊ लागल्या. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी ट्रकवरून उतरलेला तारा टेल्कोच्या दारी पाहुणा म्हणून परतला, आणि २००९ साली चाकणला स्वतःच्या घरी राहायला गेला. स्वावलंबन आणि जागतिकीकरण या दोन शब्दांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. एका ताऱ्याच्या या जाण्यायेण्यात त्यातले बरेचसे आलेले आहे.

बजाजचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. पियाजिओचा परवाना १९७१ साली संपला आणि १९७२ साली राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन ‘चेतक’ आली. नाव मेवाडचे, अंग इटलीचे. पत्र्याचा तो बाक, पुढची ढाल, बाजूचे फुगीर गाल, सारे व्हेस्पाचेच होते. बदलले होते ते मुख्यतः अक्षर. त्या अक्षराचे सामर्थ्य कमी लेखू नये, कारण १९८९ च्या ‘हमारा बजाज’ या जाहिरातमालेने ज्या देशी अभिमानाला हात घातला तो आकृतीवर नव्हे, नावावरच उभा होता. कंपनीचे जुने चिन्ह षटकोनी होते, पियाजिओचेही षटकोनीच. (बेरेन्सने एईजीसाठी काढलेले मधाच्या पोळ्याचे चिन्हही षटकोनांचेच. यंत्रवाल्यांना या आकाराचे आकर्षण का असावे? नट-बोल्टशी नाते, एवढेच उत्तर आम्हाला सुचते.) २००४ साली षटकोन गेला आणि पुण्यातल्याच एलिफंट डिझाइन या संस्थेने घडवलेला उडता ‘बी’ आला.

योगायोग असा की अशी तीन स्थित्यंतरे लागोपाठ घडली. २००३ साली टेल्कोची टाटा मोटर्स झाली, २००४ साली बजाजचे चिन्ह बदलले, २००५ साली बजाज टेम्पोची फोर्स मोटर्स झाली. तीन वर्षांत तीन मोठ्या गेटांवरच्या पाट्या उतरल्या. लोकांनी मात्र त्यातले सोयीचे तेवढेच घेतले. ‘टेल्को रोड’ अजून टेल्को रोडच आहे. आणि ‘टेम्पो’? हॅम्बुर्गच्या फिडाल आणि पुत्र यांच्या तीनचाकी गाडीचे हे व्यापारी नाव १९५८ साली बजाज टेम्पोबरोबर इथे आले, आणि आज ‘एक टेम्पो वाळू’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला ते कुणाच्या मालकीचे होते याची गंधवार्ताही नसते. चिंचवडच्या ‘केएसबी चौका’त क्लाइन, शान्झलिन आणि बेकर अशी तीन जर्मन आडनावे दडली आहेत. रिक्षावाल्याला ती ठाऊक असण्याचे कारण नाही. कंपनीचे चिन्ह बदलण्याचा अधिकार संचालक मंडळाला असतो. चौकाचे नाव बदलण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हे सांगणे कठीण.

इथवरचा इतिहास गेटच्या बाहेरचा झाला. आमच्या मते खरी महत्त्वाची अक्षरे गेटच्या आत आहेत, आणि डिझाइनच्या कोणत्याही इतिहासग्रंथात त्यांना जागा नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १०८ व्या कलमाने आज्ञा केली होती की कायद्यान्वये लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, प्रवेशद्वाराजवळ ठळक दिसतील अशा असाव्यात. १९५६ च्या वीज नियमांनी उच्च दाबाच्या यंत्रणेवर कवटी आणि हाडांच्या चित्रासह हिंदी किंवा इंग्रजीत आणि जिल्ह्याच्या भाषेत इशारा लिहिणे सक्तीचे केले. लाल रंगातली ती कवटी आणि तिच्याभोवतीचा ‘सावधान’ किंवा ‘धोका’ यांच्याइतका पाहिला गेलेला मराठी अक्षरांचा नमुना आमच्या डोळ्यांसमोर दुसरा येत नाही. तो कुणी रेखाटला याची चौकशी आजवर कुणाला करावीशी वाटली नाही, हे आमच्या कलासमीक्षेविषयी काहीतरी सांगते.

कलमातला ‘बहुसंख्य’ हा शब्द पुन्हा वाचावा. टेल्को आणि बजाजच्या पहिल्या पिढीतल्या कामगारासाठी तो शब्द म्हणजे मराठी होता. मावळ, खेड, सातारा, मराठवाडा इथून आलेला तो माणूस फलक वाचू शकत होता, आणि फलक लिहूही शकत होता. संघटनेचा गेटजवळचा काळा फळा, खडूने लिहिलेली द्वारसभेची वेळ, हेही त्याच लिपीत असे. १९८९ च्या सप्टेंबरात राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले तेव्हा मालक आणि कामगार निदान एकाच लिपीत भांडत होते. आज चाकण-भोसरीच्या लहान शेडमध्ये ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेला कंत्राटी मुलगा पॉवर प्रेसपुढे उभा असतो. देवनागरी वाचणाऱ्या बिहारी मुलाचे कसेबसे निभावते. ओडिया मुलाला ती अक्षरे म्हणजे नक्षी. प्रेसखाली बोटे जाण्याच्या दुर्घटना या धंद्यात नव्या नाहीत. शब्दांशिवाय चित्रांनी माणसाशी बोलण्याचा मोठा प्रयोग १९२० च्या दशकात व्हिएन्नात ऑटो नॉयराथ यांनी केला, तोही कामगारवर्ग डोळ्यांसमोर ठेवून. इथे त्याचे वारस म्हणजे तुटलेल्या पंजाचे पिवळे त्रिकोणी स्टिकर, बहुधा यंत्राच्या तेलाने काळवंडलेले. पाट्यांच्या भाषेवर आपल्याकडे वाद होतात ते दुकानांच्या. २०२२ साली राज्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक केली, २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. तो आग्रह आम्हाला मान्य आहे. पण प्रेसवरच्या सूचनेसाठी कुणी मोर्चा काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

लोकांची स्वतःची अक्षरकला पाहायची तर ती एमएच-१४ च्या नंबरप्लेटवर पाहावी, निदान परवापरवापर्यंत पाहता येत होती. १९८९ च्या मोटारवाहन नियमांनुसार अक्षरे इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीयच हवेत. मग रंगाऱ्याने काय करावे? त्याने त्या आकड्यांनाच देवनागरी केले. दोनचा झाला ‘र’, एकचा काना, चारचा ‘म’, आणि दोन-एक-चार या क्रमांकाचा ‘राम’ झाला. चार-एक-चार-एकचा ‘दादा’. चार-नऊ-एक-दोनचा ‘पवार’. या पट्ट्यातल्या राजकारणाशी थोडा परिचय असलेल्याला शब्दांची ही निवड समजावून सांगावी लागत नाही. दोन लिप्यांच्या सांध्यावर इतकी चलाख कारागिरी आम्ही नामांकित संस्थांच्या प्रदर्शनांतही क्वचित पाहिली आहे. पोलिस त्यासाठी दंड करीत, आणि क्रमांक वाचता येत नाही हा त्यांचा आक्षेप खोटा नव्हता. एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांवर आणि पुढे जुन्यांवरही उच्च सुरक्षा पाटी आली. ठशाने उठवलेल्या एकसारख्या आकड्यांत काना काढायला जागा उरली नाही.

रंगाऱ्याची भिंत तर त्याआधीच फ्लेक्सने घेतली होती. भिंतीवरचे अक्षर उन्हापावसात विटत जाई, पण पडत नसे. १७ एप्रिल २०२३ रोजी किवळे इथे महामार्गालगत वादळी पावसात एक होर्डिंग कोसळले, आणि आडोशाला थांबलेल्या चार स्त्रिया आणि एक पुरुष त्याखाली सापडून मेले.