शाळा वस्तीवर आली की गावात काय बदलतं? केडगाव, पाबळ, वाबळेवाडीची उदाहरणं आणि पालकांचे हक्क

1 जानेवारी 2018 ला कोरेगाव भीमा, सणसवाडी परिसरात दगडफेक आणि जाळपोळ झाली. ऑगस्ट 2025 मध्ये दौंड तालुक्यातल्या यवतला सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून तणाव पेटला. असं काही घडलं की बंदोबस्त लागतो, शांतता समितीची बैठक होते, चार दिवसांनी बाजारपेठ सुरू होते. हे सगळं लागतंच. पण गावठाणातली, मळ्यातली, दलित वस्तीतली, मुस्लिम मोहल्ल्यातली आणि माळावरच्या पालातली पोरं रोज एका सतरंजीवर बसतात, एका पातेल्यातली खिचडी खातात, अशी जागा गावात एकच असते. ती म्हणजे झेडपीची शाळा. म्हणून शाळा कुठे आहे आणि तिच्या हजेरीपटावर कोण कोण आहे, हा गावाच्या शांततेचाही प्रश्न आहे.

आपल्या भागात याची सुरुवात फार जुनी आहे. दौंड तालुक्यातलं केडगाव. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली, बालविधवा यांना घेऊन आल्या. तेव्हा पुण्यात प्लेगची साथ होती, एवढ्या मुली शहरात ठेवणं शक्य नव्हतं. रमाबाईंनी केडगावला जमीन घेतलेली होती, त्या माळरानावर राहुट्या आणि शेड उभारून मुलींची सोय केली. तेच मुक्ती सदन. पुढे 1900 च्या दुष्काळात गुजरातमधूनही मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. वाचन-लेखन तर होतंच, शिवाय शेती, विणकाम, छापखान्याचं काम मुली शिकल्या. अंध मुलींच्या शिक्षणाचीही सोय झाली. रमाबाईंच्या ख्रिस्ती धर्मावरून पुण्यात मोठा वाद झाला होता, तो लपवायचं कारण नाही. पण ज्या मुलींना कुणी दारात उभं करत नव्हतं त्या कमावत्या झाल्या, हेही तितकंच खरं. संस्था आजही केडगावला आहे.

दुसरं उदाहरण शिरूर तालुक्यातल्या पाबळचं. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर होते. 1983 मध्ये ते मुंबई सोडून दुष्काळी पाबळला आले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. शाळेत नापास झालेला पोरगा बिनडोक नसतो, त्याला हाताने काम करत शिकवलं की तो शिकतो. म्हणून तिथे वेल्डिंग, सुतारकाम, वीज जोडणी, माती परीक्षण, कोंबडीपालन, शेती, आहार आणि आरोग्य असं सगळं प्रत्यक्ष कामातून शिकवतात. वर्षभराचा निवासी कोर्स आहे आणि शाळा अर्धवट सुटलेली मुलं-मुलीही तो करतात. पाबळचे घुमटाकार डोम माहीत असतील, ते याच आश्रमातले. दहावीला जाण्याआधीच गळालेली आणि दिवसभर कट्ट्यावर मोबाईल घेऊन बसणारी पोरं प्रत्येक गावात आहेत. एखादी भडकाऊ पोस्ट आधी त्यांच्याकडेच पोचते. हाताला काम आणि डोक्याला विषय मिळाला तर फरक पडतो, असं आम्हाला वाटतं.

शिक्रापूरजवळची वाबळेवाडी तर आता सगळ्यांना माहीत आहे. 2012 मध्ये दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले तेव्हा मोडकळीला आलेल्या खोल्यांची साधी वस्तीवरची शाळा होती. गावकऱ्यांनी जमीन दिली, पैसा उभा केला, काचेच्या वर्गखोल्या झाल्या आणि बाहेरगावचे लोक प्रवेशासाठी रांग लावू लागले. इमारतीचेच फोटो जास्त फिरले. खरी गोष्ट वेगळी होती, मोठी मुलं लहानांना शिकवत होती. वारे गुरुजी पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले. बंद पडायच्या बेतात असलेली ती झेडपी शाळा लोकांच्या साथीने पुन्हा उभी राहिली. तिथेही ‘विषयमित्र’ पद्धत आहे, म्हणजे ज्याला जे येतं ते त्याने दुसऱ्याला शिकवायचं. 2025 च्या जागतिक सर्वोत्कृष्ट शाळा स्पर्धेत लोकांच्या मतदानातून दिला जाणारा पुरस्कार या शाळेला मिळाला. कुणाचा मुलगा कुणाला शिकवतोय याची जात पोरं विचारत नाहीत, मोठी माणसं विचारतात.

आता बाहेर राहिलेल्यांचं बघू. ऊसतोडीला आलेल्या टोळ्या, वीटभट्टी, गुऱ्हाळं, पारधी वस्त्या. ‘कागद नाहीत’, ‘वर्षाच्या मधे आलाय’ ही कारणं सांगून अशा मुलांना परत पाठवलं जातं. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेला शिक्षण हक्क कायदा काय सांगतो ते नीट वाचा. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम 14). वर्षाच्या मधे आला तरी घ्यावं लागतं (कलम 15). टीसी उशिरा मिळाला तरी अडवता येत नाही (कलम 5). दहा वर्षांचं मूल कधीच शाळेत गेलं नसेल तर त्याला पहिलीत बसवायचं नाही, वयानुसार वर्ग आणि वेगळी शिकवणी द्यायची (कलम 4). स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, ते गाव सोडतानाच शाळेतून मागून घ्यावं.

वस्तीवर शाळा हवी असेल तर महाराष्ट्राचा नियम असा: पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत. पहिली ते पाचवीसाठी 6 ते 11 वयाची किमान 20 मुलं लागतात. 2000 नंतर निघालेल्या वस्तीशाळा अशाच मळ्याखळ्यांत पोचल्या, तिथले निमशिक्षक कित्येक वर्षं तुटपुंज्या मानधनावर राबले. आज त्याच छोट्या शाळांवर टांगती तलवार आहे. 2023 मध्ये सरकारने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांचा आढावा घेतला, त्या जवळपास 15 हजार निघाल्या. पानशेतच्या धर्तीवर ‘समूह शाळा’ करून मुलांना गाडीने न्यायचा विचार पुढे आला. मोठ्या शाळेत सोयी जास्त मिळतात हे मान्य. पण ऊसतोडीवाल्याची पोरगी सकाळी गाडीच्या थांब्यापर्यंत कुणाच्या भरवशावर जाणार, याचं उत्तर आधी मिळालं पाहिजे.

तक्रार असेल तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. कलम 32 नुसार तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तोंडी सांगून उपयोग नाही. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. बऱ्याच गावांत ही समिती ठराविक घरांतच फिरते. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा हजेरीपट मागा आणि आपल्या शिवारातल्या भट्टीवरची, पालावरची, कोपीतली किती नावं त्यात आहेत ती मोजा.